माफीचा साक्षीदार गोष्ट सांगतो तेव्हा

पुण्यात 'जक्कल' हा शब्द उच्चारला की पुढचं काही सांगावं लागत नाही. माझ्या पिढीतल्या कुणाचाही १९७६ साली जन्म झालेला नव्हता. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. तरी आम्हाला तो माणूस माहीत आहे. त्याचे डोळे कसे होते, तो कसा थंड डोक्याचा होता, कॉलेजातली पोरं त्याला कशी घाबरायची, हे सगळं यूट्यूबवर वीस मिनिटांत, भीतीदायक पार्श्वसंगीतासकट ऐकायला मिळतं. मीही ऐकलं आहे, एकदा नाही, पाच-सहा वेगवेगळ्या आवाजांत. ऐकता ऐकता एक गोष्ट खटकायला लागली. खटल्याचं नाव 'जोशी-अभ्यंकर', पण जोशी कोण होते आणि अभ्यंकर कोण होते, हे या सगळ्या सादरीकरणांत मिळून दोन मिनिटंही कुणी सांगत नाही.

ज्यांना हे प्रकरण नुसतं नावाने माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसांचे खून झाले. करणारे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकणारे विद्यार्थी होते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. पहिला बळी त्यांच्या ओळखीतलाच एक विद्यार्थी, हॉटेलवाल्याचा मुलगा. त्याला खंडणीसाठी पळवलं, मारलं आणि लोखंडी पिंपात घालून सारसबागेजवळच्या तळ्यात बुडवलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशी पतिपत्नी आणि त्यांचा मुलगा. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरात पाच जण: आजोबा, आजी, नात, नातू आणि घरकाम करणाऱ्या बाई. शेवटचा खून २३ मार्च १९७७ला, एका तरुणाचा. त्याचं प्रेत मुळा-मुठेत टाकलं होतं. आठवड्याभरात, ३० मार्चला, अटक झाली. सत्र न्यायालयाने २८ सप्टेंबर १९७८ रोजी चौघांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने १९७९मध्ये ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये अपील फेटाळलं, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

या तारखांकडे नुसतं बघितलं तरी एक गोष्ट दिसते, आणि ती मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नाही. आणीबाणी २१ मार्च १९७७ला उठली. म्हणजे दहापैकी नऊ खून आणीबाणीत झाले आणि दहावा ती उठल्यावर दोन दिवसांनी. त्या काळात शिस्त आली होती, ट्रेन वेळेवर धावत होत्या, असं सांगणारी माणसं अजून भेटतात. त्याच काळात पुण्यातले लोक संध्याकाळ झाली की दारं लावून घेत होते, रस्ते ओस पडत होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचं सावट असताना अफवा किती आणि बातमी किती, हे ठरवायचं कुणी? पुण्याच्या भीतीचा इतिहास लिहायचा तर हा एक मोठा धागा आहे. पण आपल्याला जक्कलचे डोळे जास्त आवडतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या घटनेबद्दल आपल्याला जे माहीत आहे, ते आपल्याला कुणी सांगितलं?

जोशींच्या घरात जे तिघे होते, ते तिघेही गेले. अभ्यंकरांच्या घरातले पाचही गेले. त्या रात्री आत काय झालं, कोण काय म्हणालं, कुणी आधी हात उगारला, हे सांगू शकणारे फक्त आत शिरलेले लोक उरले. त्यांच्यातच वावरणारा पाचवा विद्यार्थी माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने कोर्टात सगळं सांगितलं. आपण आज जी गोष्ट 'अशी घडली' म्हणून ऐकतो, तिचा कणा टोळीच्या आतून आलेल्या माणसांचं कथन आहे.

माझं रोजचं काम सर्व्हर का पडला हे शोधण्याचं आहे, म्हणजे लॉग वाचण्याचं. त्या कामात एक सवय लागते. लॉग कुठल्या प्रोसेसने लिहिला, हे आधी बघायचं. ज्या प्रोसेसमुळे घोळ झाला, तिनेच लिहिलेला लॉग असेल, तर तो खोटाच असतो असं नाही, पण तिला जे दिसलं तेवढंच त्यात असतं. दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीशी ताडून बघितल्याशिवाय त्यावर काही बांधायचं नाही.

कायद्याला ही अक्कल दीडशे वर्षांपूर्वीपासून आहे. १८७२च्या पुरावा कायद्यात या बाबतीत दोन तरतुदी होत्या आणि त्या जरा एकमेकींच्या विरुद्ध वाटाव्यात अशा होत्या. कलम १३३ म्हणायचं की गुन्ह्यातल्या साथीदाराच्या निव्वळ साक्षीवर शिक्षा झाली, तर तेवढ्याने ती बेकायदा ठरत नाही. आणि कलम ११४चं एक उदाहरण म्हणायचं की महत्त्वाच्या तपशिलांत दुसरीकडून पुष्टी मिळाल्याशिवाय असा साथीदार विश्वासार्ह नाही, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. कोर्टांनी या दोन्हींचा मेळ घालून व्यवहारात नियम काढला: ऐका, पण ताडून बघा. २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर त्या जुन्या १३३ची भाषाच बदलली आहे, तिथे आता पुष्टी मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे. साक्षीदाराने सांगितलेलं पिंप खरोखर तळ्यातून बाहेर यावं लागतं, अशी ही अट. पुण्याच्या प्रकरणात ते पिंप आलं.

कोर्ट ज्या निवेदकाकडे संशयाने बघतं, त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून सिनेमा गोष्ट ऐकतो. १९८६चा राजदत्त यांचा 'माफीचा साक्षीदार' बघा. शीर्षकच निवेदकाचं आहे. टोळीच्या म्होरक्याच्या भूमिकेत नाना पाटेकर. त्याच वर्षी एन. चंद्रा यांचा 'अंकुश' आला होता, त्यातही नाना. 'अंकुश'मध्येही चार बेकार तरुण, हातून घडलेले खून आणि शेवटी फाशी. फरक एवढाच की तिथे खून बलात्काऱ्यांचे आहेत आणि फाशी बघताना प्रेक्षकाचा गळा दाटून येतो. एकाच वर्षी, एकाच नटाच्या चेहऱ्यावर, चार तरुण आणि फाशी ही दोन वेगवेगळी समीकरणं मांडली गेली. नानाचा ताण, तो रोखून बघण्याचा प्रकार दोन्हीकडे एकच. मला वाटतं, आज यूट्यूबवरचे निवेदक जक्कलचं वर्णन करतात ते बहुतेक वेळा नानाचंच वर्णन असतं. एका नटाने इतकं चांगलं काम केलं की खऱ्या माणसाची जागाच त्याने घेतली. यात नानाचा दोष नाही. पण कॅमेरा आत शिरणाऱ्यांबरोबर आत शिरतो, आणि घरातली माणसं आपल्याला दार उघडताना पहिल्यांदा भेटतात, ही मांडणी तेव्हापासून जी पक्की झाली ती झालीच.

अनुराग कश्यपने या प्रकरणावरून सुचलेला 'पाँच' बनवला, तेव्हा त्याने पुणं, सत्तरचं दशक, सगळं काढून टाकलं. मुंबईतला एक रॉक बँड, ओळखीतल्याच श्रीमंत मुलाच्या अपहरणाचा डाव आणि तो फसल्यावर झालेला खून. सेन्सॉर बोर्डाशी वाद झाला आणि सिनेमा वर्षानुवर्षं पडून राहिला. तो पायरेटेड प्रतींतून बघितला गेला, म्हणूनच त्याला जरा जास्त वलय मिळालं असं माझं मत आहे. तरी एका बाबतीत मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. त्याला गटाची रचनाच बघायची आहे: एक माणूस धाक दाखवतो आणि बाकीचे का ऐकत राहतात. अभ्यंकरांची गोष्ट सांगतोय असा आव तो आणत नाही.

मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेलं 'यस, आय अ‍ॅम गिल्टी' हे आणखी एक आतून आलेलं कथन. शीर्षकातच कबुली आहे. पश्चात्ताप खरा असू शकतो, मी त्यावर शंका घेत नाही. फाशीच्या सावलीत बसून लिहिणाऱ्या माणसाला खोटं ठरवण्याची घाई मला नाही. पण पश्चात्तापाच्या गोष्टीतही नायक पश्चात्ताप करणाराच असतो. मेलेली माणसं त्यात त्याच्या पापाचं परिमाण म्हणून येतात. आणि विवेक वाघ यांच्या ज्या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट शोधपटाचा मान मिळाला, त्याचं नाव काय? 'जक्कल'.

हे सगळं एका ओळीत मांडलं की चित्र स्पष्ट होतं. माफीचा साक्षीदार, फाशी गेलेला आरोपी, आणि म्होरक्याचं नाव. या प्रकरणाच्या सगळ्या ठळक कलाकृती टोळीच्या बाजूने उभ्या आहेत. सहानुभूती म्हणून नव्हे, कॅमेऱ्याची जागा म्हणून. आणि आतून गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाला म्होरका मोठा करण्यात स्वारस्य असतं, हेही लक्षात घ्यायला हवं. तो जितका सैतानी, तितका मी दुबळा, भारावलेला, अडकलेला. जक्कलची 'अफाट बुद्धी' हा प्रकार मला याच कारखान्यातला वाटतो. जे घडलं त्यात बुद्धी कुठे दिसते? पुराव्यांचा माग ठेवत, मारलेल्या माणसांपुढे अगदी क्षुल्लक म्हणावा असा ऐवज पळवत, शेवटच्या खुनानंतर आठवड्याभरात सापडलेली ही पोरं. क्रौर्य प्रचंड होतं, त्याला चातुर्य म्हणायचं कारण नाही.

या मालिकेत एक घटना अशी आहे जिची साक्ष आतून येण्याची गरजच नव्हती. २२ नोव्हेंबर १९७६. जोशींच्या घरानंतर तीन आठवड्यांनी आणि अभ्यंकरांच्या घराआधी नऊ दिवस, ही टोळी शंकरशेट रस्त्यावरच्या एका बंगल्यात शिरली. तिथल्या बाईंनी आणि घरातल्या दोन नोकरांनी जोरदार प्रतिकार केला. टोळी काटेरी तारांच्या कुंपणावरून उड्या मारून पळाली.

बस, एवढंच. व्हिडिओंमध्ये या प्रसंगाला मिळतो तो वेळ साधारण मी इथे दिला तेवढाच, कारण इथे कुणी मेलं नाही. मला मात्र या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त जाणून घ्यावंसं वाटतं ते हेच. थंड डोक्याचा म्होरका, ज्याच्या नजरेला नजर देता येत नव्हती म्हणे, तो कुंपणाच्या तारांत अडकत पळतोय. ज्यांनी त्याला पळवलं त्यांच्यापैकी दोघं घरात कामाला असलेली माणसं. नायलॉनच्या दोऱ्या आणि गाठी यांवर तासन् तास बोलणाऱ्यांनी एकदा हा प्रसंग नीट सांगून बघावा. मग जक्कलबद्दलची उरलेली गोष्ट तशीच भारून सांगता येते का, ते कळेल.

खटल्याच्या नावाबद्दलही थोडं. जोशी-अभ्यंकर ही दोन आडनावं लागली ती दोन घरांमुळे. पहिला विद्यार्थी आणि शेवटचा तरुण त्या नावात नाहीत. अभ्यंकरांकडे काम करणाऱ्या बाई त्याच घरात, त्याच रात्री गेल्या, पण 'अभ्यंकर कुटुंबातील पाच' असं लिहिणारे लेख मी वाचले आहेत. ते कुटुंब चार जणांचं होतं. पाचव्या बाईंचं घर वेगळं होतं, आडनाव वेगळं होतं. मध्यमवर्गीय पुण्याला ही भीती स्वतःच्या दाराशी आलेली भीती म्हणून आठवते, आणि त्या आठवणीत कामाच्या बाई घराच्या सामानासारख्या समाविष्ट होतात.

आणि आजोबा. ८८ वर्षांचे काशिनाथशास्त्री अभ्यंकर. 'संस्कृतचे विद्वान' या दोन शब्दांच्या पलीकडे त्यांच्याविषयी कुणी जात नाही, म्हणून मी त्यांचं काम शोधलं. १९६१ साली बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये 'ए डिक्शनरी ऑफ संस्कृत ग्रामर' छापली. तिचे कर्ते के. व्ही. अभ्यंकर, म्हणजे हेच. संस्कृत व्याकरणातल्या संज्ञांचा, ग्रंथांचा आणि ग्रंथकारांचा हा कोश आहे. त्याची स्कॅन केलेली प्रत फोनवर उघडते. १९६७मध्ये भांडारकर संस्थेने त्यांनी संपादित केलेला 'परिभाषासंग्रह' काढला. वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीच्या महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं होतं, त्याला काशिनाथशास्त्रींनी स्वतंत्र प्रस्तावनाखंड लिहिला.

मी संस्कृत दहावीत मार्कांसाठी घेतलं होतं, त्यामुळे यातलं फार कळतं असा दावा नाही. पण परिभाषा म्हणजे काय ते वाचलं आणि थबकले. पाणिनीचे नियम हजारोंच्या संख्येने आहेत. दोन नियम एकाच ठिकाणी लागू पडले तर कुठला जिंकणार, अपवाद आधी की सामान्य नियम आधी, हे ठरवणारे नियमांवरचे नियम म्हणजे परिभाषा. आम्ही ऑफिसात ज्याला रूल इंजिन म्हणतो आणि ज्याच्या प्रायॉरिटीवरून दर स्प्रिंटला भांडतो, त्याचाच हा प्रश्न. कोशात 'ज्ञापक' अशीही एक नोंद आहे. सूत्रात एखादा शब्द वरवर अनावश्यक वाटतो. सूत्रकार एक अक्षरही वाया घालवत नाही असं मानलं, तर तो शब्द कुठला तरी न सांगितलेला नियम सुचवत असला पाहिजे. तो सुचवणारा अंश म्हणजे ज्ञापक. सबंध आयुष्य अशा गोष्टी नेमक्या लावण्यात घालवलेला माणूस आपल्याला फक्त प्रेत म्हणून माहीत आहे. त्या कोशाची सुधारित दुसरी आवृत्ती जे. एम. शुक्ल यांच्यासह निघाली, तिच्यावर साल आहे १९७७.

कुणी म्हणेल, पन्नास वर्षांपूर्वीच्या निवेदनपद्धतीवर इतकं कशाला? कारण तिचे परिणाम कायद्याच्या चर्चेतही दिसतात. फाशीच्या समर्थनात हे प्रकरण हटकून दिलं जातं. 'तेव्हा कसं, लगेच लटकवलं.' लगेच नाही लटकवलं. सत्र न्यायालयाच्या निकालापासून पाच वर्षं गेली. १९८३च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने म्हटलं होतं की फाशी सुनावल्यावर दोन वर्षांहून अधिक विलंब झाला, तर ती जन्मठेपेत बदलता येईल. मार्चमध्ये दुसऱ्या खंडपीठाने असा ठोकळ नियम नाकारला. पुण्याच्या आरोपींनी त्याच वर्षी हा विलंबाचा मुद्दा मांडला. गुन्ह्याचं क्रौर्य आणि व्याप्ती पाहून कोर्टाने तो मानला नाही. त्यांचं प्रकरण या वादाच्या अगदी ऐन तोंडावर उभं होतं.

तो वाद नंतर पुण्यात परत आला. २००७ साली एका बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर कंपनीच्या कंत्राटी कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या मित्राने बलात्कार करून तिचा खून केला. २०१२मध्ये फाशी, २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम, २०१७मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. त्यानंतर फाशीचं वॉरंट निघायला एप्रिल २०१९ उजाडला. मुंबई उच्च न्यायालयाने विलंब मोजला, तो १,५०९ दिवस भरला, आणि फाशीच्या जागी ३५ वर्षांची कैद आली. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि दयेच्या अर्जांसाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष नेमावेत असंही सांगितलं. तो निकाल वाचताना फाइल कुठल्या तारखेला कुठल्या टेबलावर होती, हे कळत जातं. प्रश्नच विलंबाचा होता, तेव्हा निकाल तसाच असणार. पण हा निकाल आला तेव्हा माझ्या फोनवर आलेल्या प्रतिक्रियांत ती टेबलं कुणीच वाचली नव्हती. सगळा राग दोन आरोपींवर आणि तीन न्यायाधीशांवर. सरकारी खात्यांत आणि सत्र न्यायालयात पडून राहिलेल्या कागदावर राग काढायला चेहरा लागतो, आणि तो तिथे नव्हता.

मी रात्री उशिरा ऑफिसातून निघते तेव्हा कॅबमध्ये पुढच्या सीटवर गार्ड असतो. सगळ्यात शेवटी उतरणारी मुलगी एकटी राहू नये म्हणून. तो नियम कुठून आला, हे मला नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी कळलं, तेही एका गार्डकाकांनी सांगितलं म्हणून. त्यांना त्या केसमधल्या आरोपींची नावं आठवत नव्हती. रूट मात्र अचूक सांगितला.

जोशी-अभ्यंकर प्रकरणावर आणखी वेब सीरिज येतील, आल्या की मीही बघेन. त्यातल्या एखादीने शंकरशेट रस्त्यावरून सुरुवात करावी. बंगल्याच्या आतून, संध्याकाळची कामं चाललेली असताना, बाहेर कोण आहे हे अजून कुणालाच माहीत नसताना. जक्कलचा चेहरा पहिल्यांदा दिसावा तो त्या दोन नोकरांना दिसला तसा, आणि लगेच कुंपणापलीकडे जावा.